'आमच्याकडे'चा तास

शनिवारी शेवटच्या तासाला चौथीच्या वर्गातून हसण्याचा लोट आला, की शिक्षकखोलीत बसलेल्या नलूबाईंचं लाल पेन हमखास अडायचं. मध्ये नुसती लाकडी पडदी. पलीकडचं सगळं ऐकू यायचं, दिसायचं मात्र काहीच नाही. नुसतं ऐकण्याचा त्रास जास्त होतो. कोण हसलं, कशाला हसलं, हे आपल्या मनानंच भरून काढावं लागतं, आणि नलूबाईंचं मन त्या वर्षी फार वाईट भरत होतं.

लालबागच्या त्या शाळेत नलू पेडणेकर नोकरीला लागल्या तेव्हा मागच्या गल्लीत गिरणीचा भोंगा ऐकू यायचा. आता तिथे काचेचा टॉवर होता. इतकी वर्षं शनिवारचा शेवटचा तास त्यांचा होता. वेळापत्रकात त्याला मूल्यशिक्षण म्हणायचे, पण मुलं म्हणायची, 'बाईंच्या गोष्टीचा तास'. बाई खुर्ची फळ्यापासून पुढे ओढायच्या, पदर खोचायच्या आणि सुरुवात करायच्या, "आपल्यात कसं असतं, सांगू?" मग सणांच्या, व्रतांच्या, संतांच्या, गौरीगणपतीच्या गोष्टी. ईदची एक आणि नाताळचीही एक असायची, पण ती पाहुण्यासारखी, वर्षातून एकदा येऊन जाणारी.

जूनमध्ये मुख्याध्यापक राणे सरांनी त्यांना बोलावून घेतलं. संस्थेनं ठरवलं होतं की मुलांना सगळ्या धर्मांची आणि धर्म न मानणाऱ्यांचीही नीट ओळख करून द्यायची. त्यासाठी गिरगावहून अनुजा नावाची एक तरुण शिक्षिका आली होती. तिनं या विषयाचं शिक्षण घेतलं होतं.

"वर्ग तुमचाच आहे, बाई," राणे सर म्हणाले. "फक्त शनिवारचा तो एक तास. आणि हे यंदापुरतंच. वर्षाअखेर पालकांसमोर तास घेऊ, विश्वस्तही येतील. मग ठरवू पुढे कायमचा कुणाकडे द्यायचा ते."

"माझी कुठे हरकत आहे?" नलूबाई म्हणाल्या.

हरकत होती. 

अनुजा आली आणि तिनं पहिल्याच दिवशी मुलांना सांगितलं, मला ताई म्हणा. नलूबाई इतकी वर्षं बाईच राहिल्या होत्या, ही मात्र आठवड्याभरात ताई झाली. तिच्या तासाचा नियम एकच. बोलायचं असेल तर वाक्य 'आमच्याकडे' या शब्दानं सुरू करायचं. ऐकणाऱ्यानं 'असं कसं?' म्हणायचं नाही, प्रश्न मात्र हवे तेवढे विचारायचे. शिक्षकांच्या बैठकीत कुणीतरी तिला विचारलं, आमच्याकडेच का? तेव्हा ती सहज बोलून गेली, "'आपल्यात' म्हटलं ना, की वर्गातलं कुणीतरी बाहेर राहतं. ते कोण, ते बोलणाऱ्याला कळत नाही. बाहेर राहिलेल्याला बरोबर कळतं."

तिनं नलूबाईंचा एकही तास ऐकलेला नव्हता. तिच्या मनात काही नव्हतं. पण नलूबाईंना भर बैठकीत कुणी कानाखाली वाजवल्यासारखं झालं.

त्यात तो शब्द शाळाभर पसरला. मनू नावाचा एक वल्ली गृहपाठाच्या वेळी उभा राहून म्हणाला, "बाई, आमच्याकडे रविवारी अभ्यास करत नाहीत. असं कसं म्हणायचं नाही हां!" सगळा वर्ग हसला. नलूबाईंनी त्याला पाढे लिहायला लावले. एरवी त्याच हसल्या असत्या.

एका शनिवारी पडदीपलीकडून मनूचाच आवाज आला, "ताई, तुमच्याकडे कुठला देव?"

अनुजा म्हणाली, "आमच्याकडे माझ्या आईचा देव्हारा आहे, बाबा मानत नाहीत काही, आणि मी अजून विचार करतेय."

"किती दिवस?"

"बरेच दिवस चालेल बहुतेक."

पुन्हा हसण्याचा लोट. नलूबाई ताडकन म्हणाल्या, "बघा! शिकवणारीलाच पत्ता नाही आणि ही पोरांना शिकवणार!"

तिसरीच्या सीमाबाई डबा खात होत्या. चपातीचा तुकडा हातातच ठेवून त्या म्हणाल्या, "नलू, तुझ्या पोटात दुखतंय."

"माझ्या? माझ्या कशाला दुखेल?"

"मला काय माहीत. पोट तुझं आहे."

सीमाबाईंचं हे बोलणं नलूबाईंनी मनावर घेतलं नाही, असं त्यांनी स्वतःला बरेचदा सांगितलं.

फेब्रुवारी सरत आला आणि मिरची गल्लीत मसाल्याची झुंबड उडाली. बुधवारी संध्याकाळी नलूबाई बेडगी आणि संकेश्वरी मिरच्या घेऊन मसाला कुटायच्या डंकावर नंबर लावून उभ्या होत्या. ठसक्यानं सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. बाजूला नाकाला ओढणी लावून सानियाची दादी उभी होती. सानिया मुकादम नलूबाईंच्याच वर्गातली. घराणं रत्नागिरीकडचं, आजोबा गोदीत होते.

"बाई, एक सांगायचा हाय," दादी खोकत खोकत म्हणाली. "आमची सानू शनिवारी पयला रोजा धरतेय. आमी नको म्हटला, लहान हायस. आयकत नाय. आणि शाळेत कुणाला सांगायचा पण नाय म्हणते. पुरा झाला तरच सांगायचा, अर्ध्यात मोडला तर मनू चिडवील."

"मनू चिडवीलच," नलूबाई हसल्या.

"तर तेवढा त्या ताईंच्या कानावर घाला. शनिवारी ताईंचा तास असतो ना? सानू सारखी ताई ताई करते. उन्हात पळवू नका म्हणावं, आणि कुणी खाऊबिऊ दिला तर जरा बघा."

"सांगते हो," नलूबाई म्हणाल्या. सारखी ताई ताई करते, एवढंच त्यांच्या कानात राहिलं. याच सानियाला पहिलीत मुळाक्षरं गिरवताना हाताला धरून त्यांनी शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी अनुजाच त्यांच्याकडे आली. शनिवारी पालकांसमोरचा तास होता. तिच्या हातात पुठ्ठ्याच्या रंगीत पट्ट्या होत्या.

"बाई, मुलांना घरून एक एक गोड पदार्थ आणायला सांगितलाय. 'आमच्याकडचा गोड घास'. प्रत्येकानं आपल्या पदार्थाची गोष्ट सांगायची आणि सगळ्यांना वाटायचा. रमजान आहे म्हणून मी वर्गात विचारून घेतलं, कुणाचा उपास किंवा रोजा आहे का. कुणीच हात वर केला नाही. तरी मला धाकधूक वाटते. तुम्हाला सगळ्यांची घरं माहीत. माझ्या नजरेतून काही सुटलंय का?"

नलूबाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर येऊनही बसलं होतं. पण त्याच्या आधी दुसरंच निघालं.

"तुझं सगळं चोखच असतं ग. मी काय सांगणार!"

अनुजा खूश होऊन गेली. नलूबाई पुन्हा वह्यांवर वाकल्या. आपण खोटं कुठे बोललो, त्यांनी मनाशी म्हटलं. सानियानंच सांगू नका म्हटलंय. पोरीचा शब्द राखायला नको? हे कारण इतकं छान होतं की त्यांना स्वतःलाच त्याचा संशय आला. पण त्यांनी ते सोडलं नाही. शनिवारी सगळ्यांसमोर ती हुशार ताई अडखळेल, राणे सरांच्या कपाळाला आठी पडेल, आणि मग कुणाला तरी जुनी माणसं आठवतील. एवढंच. फार काही व्हायला नको होतं त्यांना.

शनिवारी बाकं भिंतीला लावून मुलं सतरंजीवर गोल करून बसली. मागे पालक. खुर्च्यांवर राणे सर आणि दोन विश्वस्त. नलूबाई दाराजवळ उभ्या राहिल्या, बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

तास रंगला, हे त्यांनाही नाकारता आलं नाही. धनेशनं खीर आणली होती. "आमच्याकडे बुद्धपौर्णिमेला करतात, पण आज खास केली," तो म्हणाला, आणि सुजातानं गौतमाला खीर कशी दिली ते त्यानं असं सांगितलं की विश्वस्तांनी चष्मे काढून पुसले. मनूनं मालवणच्या जत्रेतलं खाजं आणलं होतं. त्यातलं निम्मं वर्गात येईपर्यंत संपलं होतं. श्रेयाचे रव्याचे लाडू. आणि सानियाच्या डब्यात तिच्या दादीनं पहाटे उठून केलेली पांढरीशुभ्र सांदणं.

"आमच्याकडे पाहुणे आले की सांदणं करतात," सानिया म्हणाली. ओठ सुकले होते, पण आवाज खणखणीत होता. "तांदूळ आणि नारळाचा रस. आज तुम्ही पाहुणे."

मग वाटावाटी सुरू झाली. नलूबाईंची नजर सानियावरून हलेना. ती सगळ्यांना सांदण देत होती, सगळ्यांकडून हसत घास घेत होती आणि तो मांडीवरच्या रुमालात ठेवत होती. वडी, खाजं, लाडू. हुशार पोर, नलूबाईंना वाटलं. निभावून नेईल.

तेवढ्यात श्रेया ओरडली, "ताई, सानिया कुणाचंच खात नाही! आपलं देते आणि आमचं रुमालात लपवते! बघा!"

गोल गप्प झाला. रुमाल उघडाच होता. अनुजा गोंधळून म्हणाली, "सानिया? काय झालं बाळा? आवडलं नाही का?"

सानिया खाली बघत बसली. मागून, पालकांतून, श्रेयाची आई बकुळा शेजारणीला म्हणाली, हळूच, पण गप्प वर्गात सगळ्यांना ऐकू जाईल असं, "आपल्यातलं चालत नसेल तिला."

बकुळा नलूबाईंचीच विद्यार्थिनी. गोष्टीच्या तासाला पुढच्या बाकावर बसायची, हनुवटी हातावर टेकून. तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. तो शब्द तिनं जिथे उचलला होता, ती जागा नलूबाईंना ठाऊक होती. उच्चारही तोच होता, 'पल्या'वर किंचित जोर देऊन.

अनुजाचा चेहरा पांढरा पडला होता. राणे सरांच्या कपाळाला आठी पडली होती. नलूबाईंनी मागितलं होतं ते सगळं, जसंच्या तसं, समोर आलं होतं. पण त्या सगळ्याच्या मधोमध सानिया होती, आणि सानियानं रुमालातला लाडू उचलला.  लाडू ओठांपर्यंत गेला.

"सानिया, खाली ठेव!"

वर्ग दणाणला. एवढी वर्षं कमावलेला आवाज तो. मुलांचे हात जागच्या जागी थांबले. एका विश्वस्तांनीही हातातली वडी मुकाट खाली ठेवली. मनू भरल्या तोंडानं म्हणाला, "मी ठेवलं असतं बाई, पण आधीच आत गेलंय."

नलूबाई गोलात आल्या. गुडघ्यांवर हात टेकत सतरंजीवर सानियाशेजारी बसल्या. पोरीचं गुपित तिच्या आधी फोडायचं नव्हतं. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. सवयीनं तोंडातून 'आप' एवढं निघालं आणि तिथेच थांबलं.

"आमच्याकडे," त्या म्हणाल्या, आणि सगळी मुलं त्यांच्याकडे बघायला लागली. "आमच्याकडे हरतालकेला बायका उपास करतात. पाणीसुद्धा पीत नाहीत. मी तुमच्याएवढी असताना हट्टानं धरला. शाळेत कुणाला सांगितलं नाही. मोडला तर हसतील ना! आणि नेमकं त्याच दिवशी माझ्या मैत्रिणीनं मला पेपरमिंट दिलं. खा म्हणाली. खाल्लं तर उपास मोडतो, नाही खाल्लं तर ती रुसते. मी मुठीत धरून बसले. भूगोल संपला, गणित संपलं. पेपरमिंट विरघळलं. हात असा चिकटला की मूठ उघडेना. बाई म्हणाल्या, फळ्यावर ये. मी मूठ घेऊन गेले आणि मुठीनंच खडू धरला!"

हसू फुटलं. सानियाही हसली. मग तिनं नलूबाईंकडे बघितलं, काहीतरी विचारल्यासारखं.  नलूबाईंनी तिचं तिला ठरवू दिलं.

"आमच्याकडे," सानिया उभी राहिली, "आज माझा पहिला रोजा आहे. पण पुरा नाही झालेला अजून. म्हणून सांगितलं नव्हतं."

"म्हणजे पाणी पण नाही?" धनेशनं विचारलं.

"नाही."

"थुंकी गिळली तर?" मनू.

"गप रे! ती चालते."

श्रेयाचा चेहरा रडवेला झाला होता. "मग माझा लाडू?"

"संध्याकाळी खाणार ना. सगळ्यांचं ठेवलंय. रुमाल कशाला आणलाय मग?"

पालकांनी टाळ्या वाजवल्या. बकुळा मान खाली घालून श्रेयाची वेणी नीट करत राहिली.

तास संपल्यावर राणे सर नलूबाईंकडे आले. "याला अनुभव म्हणतात, बाई. पोरीच्या चेहऱ्यावरून ओळखलंत! विश्वस्तांचंही एकमत झालंय. पुढच्या वर्षीपासून हा तास तुमच्याकडेच."

वर्षभर ज्याच्यासाठी जीव टांगणीला लागला होता, ते असं हातात पडलं. नलूबाईंना ते गिळता येईना.

व्हरांड्यात अनुजा उभी होती. डोळे लाल, पण बोलली मनापासून. "बाई, मला मेलं कळलंच नाही. तुम्हाला कसं कळलं? असं ओळखायला कधी शिकणार मी?"

तेवढ्यात रोजा टिकल्याचं सानियाकडून ऐकून तिची दादी फाटकातून आली. तिनं अनुजाचे दोन्ही हात धरले. "बरा झाला ताई, सांभाळून घेतलात. बाईंना मी बुधवारीच डंकावर सांगितलेला, ताईंच्या कानावर घाला. सांगितला ना त्यांनी तुम्हाला?"

अनुजानं नलूबाईंकडे बघितलं. मग दादीकडे बघून म्हणाली, "हो. सांगितलं." दादी नातीचं दप्तर घेऊन निघून गेली. फाटकाबाहेर गेल्यावर सानियानं वळून दोघींना हात केला. दोघींनीही केला.

मग अनुजा म्हणाली, आवाज न चढवता, "बाई, आमच्याकडे असं करत नाहीत."

सोमवारी नलूबाई राणे सरांच्या खोलीत गेल्या. "तास अनुजाकडेच ठेवा."

"अहो पण का?"

"मी चेहऱ्यावरून काही ओळखलं नव्हतं. मला बुधवारपासून माहीत होतं. तिनं विचारलं होतं, मी सांगितलं नाही."

  राणे सरांनी वेळापत्रकाची फाईल उघडून पुन्हा अनुजाचं नाव लिहिलं.

एवढं केल्यावर मन हलकं व्हायला हवं होतं. पुढच्या शनिवारी पडदीपलीकडून हसण्याचा लोट आला आणि नलूबाईंचं पेन तसंच अडलं. पोटात तीच कळ. त्यांना स्वतःचाच राग आला. तास दिला, कबूल केलं, तरी हे आहेच!  मग उठल्या आणि चौथीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मागे बसू का?"

 अनुजा हसली नाही. तिनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "बसा. पण इथे बोलायचं असेल तर सुरुवात ठरलेली आहे."

"ठाऊक आहे."

शेवटच्या बाकावर सानिया सरकली. नलूबाई बसल्या, गुडघे बाकाला टेकले. मनूला दम निघेना. "बाई, तुमच्याकडे काय?"

नलूबाईंनी अनुजाकडे बघितलं आणि सांगून टाकलं, "आमच्याकडे ना, दुसऱ्या कुणाचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं."

कुणीही 'असं कसं' म्हटलं नाही. नियमच होता.

"फार?" सानियानं विचारलं.

"फार."

"आमच्याकडे ओवा देतात," मनू गंभीरपणे म्हणाला. "कोमट पाण्याबरोबर."

"आमच्याकडे जिरं भाजून," सानिया म्हणाली.

"आमच्याकडे हिंग लावतात, बेंबीला," पुढून कुणीतरी, आणि मग सगळा वर्ग एकदम औषधं सांगायला लागला.

अनुजानं पाठ फिरवली आणि खडू घेऊन फळ्यावर एकाखाली एक लिहायला लागली. ओवा. जिरं. हिंग. तिचे खांदे हलत होते. हसून की कशानं, ते मागच्या बाकावरून नलूबाईंना नीट दिसेना.